ग्लायडर किट ट्रक

ग्लायडर किट ट्रक : नव्या चासीवर व नव्या केबिनखाली जुने, पुन्हा बांधलेले इंजिन बसवून तयार केलेला अवजड मालवाहू ट्रक. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतो. कारखान्यातून मिळणाऱ्या संचाला ‘ग्लायडर किट’ म्हणतात. त्यात चासी, केबिन, पुढचा अ‍ॅक्सल, स्टिअरिंग, ब्रेक आणि वायरिंग असते; इंजिन व गिअरबॉक्स नसतात आणि मागचे अ‍ॅक्सलही पुष्कळदा नसतात. इंजिनाविना उडणाऱ्या विमानावरून हे नाव आले. महाराष्ट्रातील ट्रकमालकांना इंजिनासह चासी विकत घेऊन तिच्यावर बॉडी बांधून घेण्याची रीत ठाऊक आहे. ग्लायडरचा व्यवहार बरोबर त्याच्या उलट, म्हणजे बॉडी नवी आणि इंजिन बाहेरचे असा असतो. त्यामुळे अशा गाडीला दोन वये असतात. केबिनचे वय कागदावर लगेच दिसते, इंजिनाचे शोधावे लागते, आणि कोणता कायदा कोणते वय धरतो यावर गाडीची खरी किंमत ठरते.

मुळात ही सोय अपघातग्रस्त गाड्यांसाठी होती. ट्रक उलटून केबिन चेपली, चासी वाकली, पण इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे अ‍ॅक्सल शाबूत राहिले, तर मालक ग्लायडर किट मागवून वाचलेले भाग त्यात बसवून घेत असे. वर्षाकाठी अशा काहीशे गाड्याच तयार होत. हे चित्र बदलले ते प्रदूषणाच्या नियमांमुळे. ऑक्टोबर २००२ पासून बहुतेक उत्पादकांनी धुराचा काही भाग गार करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडणारी ईजीआर यंत्रणा बसवली. २००७ च्या मानकांबरोबर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला आणि २०१० च्या मानकांबरोबर धुरात युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनची ऑक्साइडे घटवणारी एससीआर यंत्रणा आली. बीएस-६ गाडीत डिझेलबरोबर युरियाही भरणाऱ्या आपल्याकडील चालकांना या यंत्रणेची ओळख आता झाली आहे. फिल्टर तुंबला किंवा एखादा सेन्सर बिघडला की संगणक इंजिनाची ताकद कमी करतो आणि भरलेली गाडी महामार्गाच्या कडेला उभी करावी लागते, अशी अमेरिकेतील छोट्या मालकांची तक्रार होती. तिच्यातून ‘२००२ पूर्वीचे इंजिन आणि नवी केबिन’ ही मागणी वाढली. संघीय पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) अंदाजानुसार २०१५ पर्यंत ग्लायडरांची वार्षिक संख्या दहा हजारांवर गेली. यात टेनेसी राज्यातील फिट्झजेराल्ड ही कंपनी आघाडीवर होती. किट प्रामुख्याने फ्रेटलाइनर, पीटरबिल्ट आणि केनवर्थ या ट्रक-उत्पादकांचे असत.

इंजिनांत सर्वाधिक पसंती डेट्रॉइट डिझेलच्या ‘सीरीज ६०’ या सहा सिलिंडरी इंजिनाला, त्यातही १२.७ लिटरच्या, ईजीआर नसलेल्या प्रकाराला होती. १९८७ मध्ये आलेल्या या इंजिनाचे इंधननियंत्रण प्रथमपासून इलेक्ट्रॉनिक होते. म्हणजे ‘जुने, साधे, यांत्रिक इंजिन’ अशी जी त्याची ख्याती सांगितली जाते ती अर्धीच खरी आहे. कॅटरपिलरची ३४०६ई व सी-१५ आणि कमिन्सचे एन-१४ हीही चालत. गिअरबॉक्स बहुधा ईटन-फुलरचा, दहा, तेरा किंवा अठरा गिअरांचा, हाती टाकायचा.

‘पुन्हा बांधलेले’ या शब्दाचा अर्थ विक्रेत्यागणिक बदलतो. आपल्याकडील गॅरेजमध्ये ‘इंजिनाचे काम केले’ म्हणजे कधी नुसते लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) व पिस्टन टाकलेले असतात, तर कधी क्रँकपासून सारे उघडून बांधलेले असते. अमेरिकेतही तसेच आहे. इंजिन चासीवरच ठेवून लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे आणि हेड गॅस्केट बदलणे हा एक प्रकार. इंजिन उतरवून ब्लॉक धुणे, भेगा तपासणे, क्रँक मोजून गरज पडल्यास घासून घेणे आणि ब्लॉकचा माथा सपाट करणे हा दुसरा. तिसरा प्रकार कारखान्यातील पुनर्निर्मितीचा. त्यात प्रत्येक भाग ठरलेल्या मापात बसवून इंजिन डायनॅमोमीटरवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चालवून पाहिले जाते आणि मालकाकडून जुने इंजिन अनामतीच्या अटीवर परत घेतले जाते. किमतीतील खरा फरक या तिघांमधला असतो. जाहिरातीत मात्र तिन्हींसाठी एकच शब्द येतो.

नवी केबिन असूनही ही गाडी कायद्याच्या दृष्टीने नवी ठरतेच असे नाही. संघीय सुरक्षा नियमानुसार इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांना गती देणारा चालक अ‍ॅक्सल हे तिन्ही जुने असतील व त्यांपैकी किमान दोन एकाच गाडीतून काढलेले असतील, तर नव्या केबिनच्या ट्रकला ‘नव्याने उत्पादित’ मानत नाहीत. म्हणून कोणता भाग कोणत्या गाडीतून आला याची नोंद महत्त्वाची ठरते. करातही हाच पेच आहे. अवजड ट्रकच्या पहिल्या किरकोळ विक्रीवर १२ टक्के संघीय अबकारी कर लागतो. दीड लाख डॉलरच्या गाडीवर तो १८ हजार डॉलर होतो. जुन्या गाडीची दुरुस्ती तत्सम नव्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या आत झाली, तर तिला नवे उत्पादन धरत नाहीत. ग्लायडर या सवलतीत बसतो की नाही यावरून करखाते व बांधणीदार न्यायालयात गेले आहेत. त्यामुळे कर कोणी भरला हे बिलावर लिहून घेणे खरेदीदाराच्या हिताचे असते.

चालकाच्या कामाच्या तासांची नोंद ठेवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र डिसेंबर २०१७ पासून सक्तीचे झाले, पण २००० पूर्वीच्या इंजिनांना त्यातून सूट मिळाली. येथे इंजिनाचे वय धरले जाते; केबिन २०१५ ची असली आणि इंजिन १९९९ चे असले, तरी कागद दाखवता आल्यास सूट लागू होते. कॅलिफोर्नियातही इंजिनाचेच वय धरतात, मात्र तेथे त्याचा परिणाम उलटा होतो. १ जानेवारी २०२३ पासून त्या राज्यात १४,००० पौंडांवरील जवळपास सर्व डिझेल ट्रकांना २०१० किंवा त्यानंतरच्या मानकाचे इंजिन आवश्यक झाले. तिकडचा माल उचलायचा असेल, तर जुन्या इंजिनाचा ग्लायडर कितीही स्वस्त मिळाला तरी उपयोगाचा नाही.

बांधणीवरील मुख्य निर्बंध ईपीएच्या २०१६ च्या नियमाने आले. १ जानेवारी २०१८ पासून ग्लायडरमधील इंजिनाने गाडी जोडली त्या वर्षाची मानके पाळावीत, असे ठरले. छोट्या बांधणीदारांना वर्षाला ३०० गाड्यांपर्यंत मुभा राहिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ईपीएचे तत्कालीन प्रमुख स्कॉट प्रुइट यांनी हा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्याच महिन्यात त्यांच्याच संस्थेच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले की महामार्गावरील वेगात ग्लायडरमधून नायट्रोजनची ऑक्साइडे नव्या ट्रकच्या सुमारे ४३ पट व सूक्ष्म कण सुमारे ५५ पट बाहेर पडतात. प्रस्तावाला आधार म्हणून टेनेसी टेक विद्यापीठाचा जो अभ्यास दाखवला गेला, त्याचा खर्च फिट्झजेराल्डने केला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये, चौकशी होईपर्यंत तो वापरू नये असे विद्यापीठानेच ईपीएला कळवले. जुलै २०१८ मध्ये, प्रुइट यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवशी, ३०० ची मर्यादा अमलात न आणण्याचे आश्वासन बांधणीदारांना देण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले आणि तीन आठवड्यांच्या आत नवे प्रमुख अँड्र्यू व्हीलर यांनी ते मागे घेतले. बांधणी आटली, आणि व्यवहार बव्हंशी आधीच रस्त्यावर आलेल्या ग्लायडरांच्या फेरविक्रीचा उरला.

फेरविक्रीत मीटर फसवा असतो. तो केबिनबरोबर नवा आलेला असल्याने शून्यापासून मोजतो आणि इंजिनाची आधीची धाव त्यात येत नाही. इंजिनाच्या संगणकातील तास व मैल वाचून पाहतात, पण संगणकही बदललेला असू शकतो. म्हणून ब्लॉकवरील क्रमांक बिलाशी ताडावा लागतो. सीरीज ६० च्या १२.७ लिटर इंजिनाचा क्रमांक ‘०६आर’ या खुणेने सुरू होतो. जाणकार खरेदीदार इंजिन थंड असतानाच पाहायला जातो, कारण विक्रेत्याने आधी चालवून गरम केलेले इंजिन सहज सुरू होते आणि कमी धूर सोडते. सुरू झाल्यावर ब्रीदरच्या (इंजिनाच्या पोटातील वायू बाहेर सोडणाऱ्या) नळीपाशी हात धरला असता वाफारा जोराने व सतत येत असेल, तर रिंगा किंवा लायनर झिजलेले असण्याची शक्यता असते. पुढच्या बाजूच्या गिअरांचा खडखडाट ऐकणेही आवश्यक असते, कारण सीरीज ६० मध्ये तेथील ‘बुल गिअर’ या मोठ्या गिअरचे बेअरिंग निकामी होणे हा ओळखीचा दोष आहे. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत दिल्यास तांबे व शिसे बेअरिंगांची झीज दाखवतात, सोडियम व पोटॅशियम तेलात कूलंट उतरल्याचे सुचवतात. मात्र तेल नुकतेच बदललेले असेल तर या चाचणीतून फारसे काही हाती लागत नाही, म्हणून तेल कधी बदलले हे नमुना काढण्यापूर्वी विचारून घेतात.