केली घराणे (ड्रिमुर्ला)

अमेरिकन चित्रपट अभिनेत्री व पुढे मोनॅकोची राजपत्नी झालेली ग्रेस केली (१२ नोव्हेंबर १९२९–१४ सप्टेंबर १९८२) हिचे पितृकुळ. आयर्लंडच्या पश्चिमेस मेयो परगण्यात, न्यूपोर्ट गावाजवळील ड्रिमुर्ला येथे या घराण्याचे मूळ घर होते. ग्रेसची आई जर्मन वंशाची होती. त्यामुळे तिच्याकडे आयरिश वारसा आला तो वडिलांकडूनच.

केली हे आयर्लंडमध्ये मर्फीखालोखाल सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे. त्याचे मूळ आयरिश रूप ‘ओ क्याली’ म्हणजे ‘क्यालाखचा वंशज’. क्यालाख या व्यक्तिनामाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही अभ्यासक त्याचा अर्थ ‘तेजस्वी मस्तकाचा’ असा लावतात, काही ते ‘कलह, युद्ध’ या अर्थाच्या जुन्या आयरिश शब्दाशी जोडतात, तर काहींच्या मते ते लॅटिनमधून आलेल्या ‘मठ, चर्च’वाचक शब्दावरून आले असावे. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या काळाविषयीच्या परंपरेतील कॉर्मक राजाच्या पुत्राचेही हेच नाव असल्याने तिसरे मत काहीसे दुर्बळ ठरते. अर्थात त्या कथा ख्रिस्ती काळातच लिहिल्या गेल्या असल्याने हा पुरावा निर्णायक मानता येत नाही. इ. स. १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेला टाइग मोर हा ई व्हाने प्रदेशाचा राजा याच आडनावाचा होता. तथापि परस्परांशी संबंध नसलेली अनेक केली कुळे आयर्लंडमध्ये स्वतंत्रपणे उदयास आली. तेव्हा केवळ आडनावावरून ड्रिमुर्लाच्या शेतकरी कुटुंबाला त्या राजकुळाशी जोडणे धाडसाचे होईल.

खात्रीने सांगता येणारी वंशरेषा ग्रेसच्या आजोबांपासून, जॉन केलींपासून, सुरू होते. त्यांचा जन्म महादुष्काळाच्या (१८४५–५२) सुमाराचा असून १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते अमेरिकेस गेले असावेत. त्यामागे जाण्याचे मार्ग अरुंद आहेत: १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक कागदपत्रे १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराच्या आगीत जळाली, त्यानंतरच्या चार जनगणनांची शासनानेच नष्ट केली, आणि कॅथलिकांच्या जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १८६४ पर्यंत सुरूच झाली नव्हती. उरतात त्या चर्चच्या नोंदवह्या आणि करआकारणीसाठी केलेली जमिनींची मोजणी.

फिलाडेल्फियात स्थायिक झालेल्या या कुटुंबातील जॉन केली (धाकटे) हे ग्रेसचे वडील. गवंडीकामातून त्यांनी मोठा बांधकाम व्यवसाय उभारला आणि नौकानयनात १९२० व १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये मिळून तीन सुवर्णपदके जिंकली. त्यांचे बंधू जॉर्ज यांना १९२६ मध्ये नाट्यलेखनासाठी पुलित्झर पारितोषिक लाभले.

ग्रेसने जून १९६१ मध्ये पती रेनिये यांच्यासह ड्रिमुर्लास भेट दिली. आजोबांच्या त्या लहानशा दगडी घरात तेव्हा एक वृद्ध विधवा राहत होती आणि तिने पाहुण्यांना चहा दिला. १९७६ मध्ये ग्रेसने ते घर जमिनीसह विकत घेतले. तेथे नवे घर बांधण्याचा तिचा मानस होता, परंतु १९८२ मधील अपघाती मृत्यूमुळे तो तडीस गेला नाही. तिच्या संग्रहातील आयरिश ग्रंथ १९८४ मध्ये मोनॅकोत स्थापन झालेल्या आयरिश ग्रंथालयात ठेवण्यात आले. ड्रिमुर्लाच्या घराची मात्र पडझड झाली.