कातडीला एवढी घाई कशाची?

शेजारच्या काकींनी सोरायसिस या कातडीच्या रोगापायी दोन वर्षं सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोडली. गोव्यात हा त्याग थोडाथोडका नव्हे! "रक्तात दोष आहे, नुस्तें (मासळी) बंद करा," असं कुणीतरी सांगितलं होतं. कोपरावरचे चंदेरी खवले काही हलले नाहीत.

हलतील कसे? सोरायसिस मासळीने होत नाही. तो संसर्गानेही पसरत नाही, तरी लोक काकींच्या हातचा प्रसाद घ्यायला कचरतात.

निरोगी कातडीची पेशी तळाच्या थरात जन्मते, वर सरकत जाते आणि साधारण महिनाभराने नकळत झडते. सोरायसिसमध्ये हा प्रवास ३ ते ५ दिवसांत उरकतो. पेशी कच्च्याच वर येतात आणि झडण्याऐवजी थरावर थर साचतात. दोष या पेशींचाच, असं डॉक्टरही बरीच वर्षं मानत. मग १९७९ मध्ये प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन सांधेदुखीच्या काही रुग्णांना दिलं गेलं, आणि त्यांच्यातल्या सोरायसिसवाल्यांची कातडी निवळली. कातडीला मागून कुणीतरी ढकलत होतं. त्या म्हणजे आपल्याच रक्षक टी-पेशी.

त्यांना कोण भडकवतं? दुखावलेली कातडी एलएल-३७ नावाचं प्रथिन सोडते. ते आपल्याच फुटलेल्या पेशींच्या डीएनएला बिलगलं, की पहाऱ्यावरच्या पेशींना तो विषाणूचा वाटतो. त्या बोंब ठोकतात. पुढे इंटरल्युकिन-२३ हे पेशींमध्ये निरोप नेणारं प्रथिन टी-पेशींना चेतवतं, टी-पेशी त्याच जातीचं इंटरल्युकिन-१७ सोडतात, त्याने कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि उलट आणखी टी-पेशींना बोलावणं धाडतात. चोर नाहीच, पण आरडाओरडा थांबत नाही.

एचएलए-सी या जनुकाचा एक प्रकार हा धोका वाढवतो. पण तो असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. ठिणगी बाहेरून पडावी लागते: घशाचा जिवाणूसंसर्ग, ताण, दारू, लिथियमसारखी औषधं. किंवा साधी इजा. जखमेच्या जागी नवा चट्टा उठतो, हे हाइनरिश कोब्नर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. ओले काजू सोलताना चिकाने हात भाजतात, तेव्हा सोरायसिस असलेल्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

चट्टा ओसरला तरी काही टी-पेशी तिथेच मुक्काम ठोकून राहतात. मलम थांबवलं, की काकींच्या नेमक्या त्याच कोपरावर तो पुन्हा उगवतो.