पाच वर्षं झाली, पण गोळ्या थांबवायच्या का?

स्तनाच्या गाठीचा पातळ काप खास रसायनांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की काही गाठींमध्ये पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात. रिपोर्टवर ‘ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह’ लिहिलं जातं ते त्यावरून. म्हणजे ही गाठ इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसली जाते. स्तनाच्या कॅन्सरच्या दहा रुग्णांपैकी साधारण सात जणींची गाठ अशी असते.

इस्ट्रोजेनची वाट गोळ्यांनी अडवता येते, ही जमेची बाजू. पण हा कॅन्सर चिवट. दुसऱ्या काही प्रकारांत आजार उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच उलटतो. इथे मात्र अस्थिमज्जेसारख्या जागी दडलेल्या मोजक्या पेशी दहा-पंधरा वर्षं निपचित पडून राहतात आणि मग जाग्या होतात. त्या कशाने जाग्या होतात, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

2017 साली उपचारांच्या 88 चाचण्यांमधल्या अशा 62,923 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. सगळ्यांनी पाच वर्षं गोळ्या घेतलेल्या, आणि तेव्हा आजाराचा मागमूस नव्हता. पुढच्या पंधरा वर्षांत आजार दूरच्या अवयवात उगवण्याचा धोका किती? गाठ 2 सेंटिमीटरपर्यंत आणि काखेतल्या ग्रंथी स्वच्छ असतील तर 13 टक्के. गाठ तेवढीच, पण चार ते नऊ ग्रंथींत कॅन्सर पोचलेला असेल तर 34 टक्के. वीस वर्षांपूर्वी काढून टाकलेली गाठ अजून बोलतेच आहे! अर्थात या स्त्रियांवर जुन्या काळातले उपचार झाले होते. आज निदान होणाऱ्यांचा धोका याहून कमी असावा.

21 जनुकं तपासणारी ऑन्कोटाइप चाचणी आजार उलटण्याच्या धोक्याला 0 ते 100 मध्ये गुण देते, पण तिचा मुख्य उपयोग केमो द्यायची की नाही हे सुरुवातीला ठरवण्यासाठी. पाच वर्षांनंतरच्या धोक्यासाठी ‘सीटीएस5’ नावाचं गणित आहे. त्यात वय, गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते) आणि बाधित ग्रंथींची संख्या एवढंच घालायचं. जनुकांचा पत्ताच नाही, सगळं जुन्या रिपोर्टात सापडतं. मला तरी याचं अप्रूप वाटतं.

हे गणित करायचं ते गोळ्यांसाठी. त्या आणखी पाच वर्षं घेतल्या तर धोका घटतो, पण गोळीनुसार सांधे धरतात, हाडं ठिसूळ होतात किंवा अंगातून वाफा येतात. सहाव्या ते दहाव्या वर्षातला धोका पाच टक्क्यांहून कमी निघाला, तर शंभरजणींनी गोळ्या चालू ठेवून फायदा व्हायचा एखाद-दुसरीला, आणि सांधे दुखायचे कितीतरी जणींचे.