ऑडिट ट्रेल, डेटाबेसमधील

रिलेशनल डेटाबेसमधल्या, म्हणजे ओळी-रकान्यांच्या टेबलांत ठेवलेल्या, माहितीत कोणी, केव्हा आणि काय बदल केला याची टिकून राहणारी नोंद म्हणजे ऑडिट ट्रेल. माहिती बदलणारी ‘अपडेट’ ही आज्ञा चालवली की जुने मूल्य जाते आणि त्या जागी नवे बसते. टेबल पाहून आधी तिथे काय होते ते कळत नाही. खात्यातली शिल्लक, रुग्णाला द्यायची औषधाची मात्रा, परीक्षेचे गुण अशा ठिकाणी हे परवडत नाही. जमाखर्चाच्या वहीत चुकीची रक्कम खोडत नाहीत, उलटी नोंद करून दुरुस्त करतात. इथेही अपेक्षा तीच.

जुना आणि अजूनही रुळलेला उपाय ट्रिगरचा. ओळ घातली, बदलली वा काढली की ट्रिगर आपोआप चालतो आणि जुन्या-नव्या मूल्यांची प्रत इतिहासाच्या टेबलात टाकतो. डेटाबेसशी बोलण्याच्या एसक्यूएल या भाषेच्या मानकात ट्रिगर १९९९ साली आले, पण उत्पादनांमध्ये ते आधीपासून होते. लिहायला सोपे असले तरी त्यात फसगतही बरीच होते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ट्रिगर दर ओळीला नव्हे, दर आज्ञेला एकदा चालतो. एकाच आज्ञेने ३०० ओळी बदलल्या आणि ट्रिगर एकच ओळ गृहीत धरून लिहिलेला असला, तर २९९ बदल नोंदीतून निसटतात. चाचणी सहसा एकेक ओळ बदलून होते, म्हणून ही चूक उशिरा सापडते. ‘नल’चेही, म्हणजे मूल्यच नसलेल्या रकान्याचेही, तसेच. नुसत्या ‘बरोबर नाही’ या तुलनेत रिकामा रकाना भरला गेल्याचे कळत नाही, कारण नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर ‘खरे’ येतच नाही. सगळ्या ओळी एकदम काढणाऱ्या ‘ट्रंकेट’ने टेबल रिकामे केले तर ओळ काढण्यासाठीचे (डिलीटचे) ट्रिगर चालत नाहीत, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये फॉरेन कीच्या कॅस्केडमुळे, म्हणजे एका टेबलातल्या बदलामागोमाग त्याच्याशी जोडलेल्या टेबलात आपोआप, झालेले बदलही ट्रिगरला दिसत नाहीत.

दुसरी वाट लॉगमधून, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या बदलांच्या नोंदवहीतून, जाते. अचानक बंद पडल्यावर सावरता यावे म्हणून डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो. तोच लॉग वाचून बदल वेगळे काढण्याच्या पद्धतीला चेंज डेटा कॅप्चर म्हणतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही सोय २००८च्या आवृत्तीत आली. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१४च्या ९.४ आवृत्तीतल्या, लॉगमधले बदल उलगडून देणाऱ्या लॉजिकल डिकोडिंगने तिचा पाया घातला. डेबेझियमसारखी साधने हे बदल काफ्का या संदेश पोचवणाऱ्या प्रणालीकडे पाठवतात. मूळ व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पुरा वा रद्द होणारा बदलांचा गट) यात अडकून पडत नाही. पण ही सोय मुख्यतः माहिती दुसरीकडे पोचवण्यासाठी आहे. एसक्यूएल सर्व्हर हे बदल, मुदत बदलली नाही तर, तीनच दिवस ठेवतो, आणि बदल कोणी केला हे त्या टेबलांत नसतेच.

एसक्यूएल:२०११ या मानकाने टेम्पोरल टेबले आणली. एसक्यूएल सर्व्हर २०१६ आणि मारियाडीबी १०.३मध्ये ती मिळतात. जुन्या ओळी डेटाबेस स्वतः सांभाळतो आणि ‘अमुक क्षणी हे टेबल कसे होते’ असे थेट विचारता येते. कल्पना मात्र जुनी: बर्कलीत संगणकशास्त्रज्ञ मायकेल स्टोनब्रेकर यांनी घडवलेल्या मूळ पोस्टग्रेसमध्ये ‘टाइम ट्रॅव्हल’ होतेच. पुढे १९९७च्या सुमारास ते काढून टाकले गेले.

यांपैकी काहीही वापरले तरी ‘काय’ आणि ‘केव्हा’ हे बहुधा मिळते. ‘कोणी’ हाच खरा अवघड भाग. वेब अ‍ॅप्लिकेशन कनेक्शन पूलमधून (आळीपाळीने वापरायच्या तयार जोडण्यांच्या साठ्यातून) एकाच खात्याने डेटाबेसशी बोलते, त्यामुळे हजार माणसांचे बदल एकाच नावावर पडतात. अशी नोंद तपासाच्या वेळी जवळपास निरुपयोगी. म्हणून प्रत्येक विनंतीच्या सुरुवातीला खऱ्या वापरकर्त्याची ओळख सेशनमध्ये, म्हणजे त्या जोडणीच्या चालू सत्रात, ठेवावी लागते: एसक्यूएल सर्व्हरमध्ये सेशन कॉन्टेक्स्ट, ऑरॅकलमध्ये क्लायंट आयडेंटिफायर. पूलमधले कनेक्शन पुढच्याला देताना ती पुसली गेली नाही, तर दोष भलत्याच्याच माथी बसतो.

नोंद त्याच व्यवहारात लिहिली असेल तर व्यवहार रद्द (रोलबॅक) होताच तीही जाते. बहुतेक वेळा हे योग्यच. पण फसलेल्या प्रयत्नाचाही माग हवा असेल तर ऑरॅकलमध्ये मूळ व्यवहारापासून स्वतंत्र चालणारे ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन वापरतात.

डेटाबेस प्रशासकाला इतिहासाचे टेबलही बदलता येते, हा जुना पेच. त्यावर नोंदी वेगळ्या सर्व्हरवर, वेगळ्या माणसांच्या ताब्यात ठेवतात. एसक्यूएल सर्व्हर २०२२ची लेजर टेबले व्यवहारांचे हॅश (मजकुरावरून काढलेले, तो बदलला की बदलणारे ठसे) साखळीत गुंफतात. त्याने फेरफार थांबत नाही, उघडकीस येतो, तोही साखळीचा गोषवारा बाहेर सुरक्षित ठेवला असेल तरच.

अमेरिकेत औषधनिर्मितीसारख्या क्षेत्रांतील इलेक्ट्रॉनिक नोंदींना लागू असलेला १९९७चा नियम, ‘२१ सीएफआर पार्ट ११’, बदलामुळे आधीची नोंद झाकली जाता कामा नये असे सांगतो. युरोपचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा २०१८पासून, काही अपवाद सोडून, व्यक्तीला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क देतो. मूळ टेबलातून पत्ता काढला तरी इतिहासाच्या टेबलात तो उरतोच. म्हणून काही ठिकाणी वैयक्तिक रकाने व्यक्तीगणिक वेगळ्या किल्लीने कूटबद्ध करतात आणि मागणी आली की किल्ली नष्ट करतात. बॅकअपमधल्या तिच्या प्रतीही तेव्हाच शोधून काढाव्या लागतात.