रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं? अजिबात नाही
सोलापुरात विड्या वळणाऱ्या कितीतरी बायकांना हेच ऐकायला लागतं, एमआरआय नॉर्मल आलाय म्हणजे दुखणं मनाचंच. साफ चूक. एमआरआयमध्ये हाड, मणक्यातली गादी, नस दिसते, दुखणं दिसत नाही, आणि ३ महिन्यांच्या वर दुखत राहिलं की मेंदू आणि मज्जारज्जूच इतके संवेदनशील होऊ शकतात की इजा भरून आली तरी कळ येतच राहते. २०२२ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) आयसीडी-११ या आजारांच्या यादीत तर अशा लांबलेल्या दुखण्याची वेगळी नोंद आहे. डॉक्टरांनो, "काही नाही झालं" म्हणू नका हो, "दुखतंय हे खरं, फक्त फोटोत दिसत नाही" एवढं तरी बोला. आणि मावशी, तुम्ही पण नुसती फाईल पुढं सरकवू नका, विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन किती वेळ बसल्यावर दुखतं, झोप मोडते का, मेडिकलमधनं परस्पर कुठल्या गोळ्या घेता, सगळं सांगा.