मांसमाशीच्या अळीला नाव मिळायला एवढा वेळ का लागला

जुलैत नागपुरात दोन-तीन दिवस झड लागली की माश्यांचं काही विचारू नका. अशाच एका झडीत एमेस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी गच्चीवर पत्र्याखाली उघड्या डब्यात मटणाचा तुकडा ठेवला होता, आणि पाऊस सुरू असतानाच एक मोठी करडी माशी येऊन बसली. पाठीवर तीन काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळे विटकरी लाल. तिने अंडी घातलीच नाहीत, थेट जिवंत अळ्या सोडल्या, साबुदाण्याहून बारीक, आणि मिनिटभरात त्या मांसाच्या फटीत शिरल्यासुद्धा.

ही मांसमाशी. प्रेतावरच्या अळ्यांच्या वयावरून मृत्यूची वेळ काढताना सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण निळ्या-हिरव्या माश्या अंडी घालतात, ती फुटायला अर्धा ते एक दिवस जातो, आणि मांसमाशीत तो वेळ नसतोच. म्हणजे अळी कोणाची हे चुकलं की पोलिसांना सांगितलेली वेळही चुकली.

किडे आणि गुन्हा यांची सांगड जुनी आहे. चीनमध्ये सोंग त्सी याने १२४७ साली लिहिलेल्या ग्रंथात एका खुनात गावातले सगळे विळे जमिनीवर मांडायला लावले, माश्या एकाच विळ्यावर बसल्या आणि खुनी सापडला, अशी हकिगत आहे. पण अळीचं वय मोजून काळ ठरवायचा खरा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. १८५० मध्ये आर्बुआ गावात एका घराच्या शेकोटीजवळ दुरुस्ती करताना सुकलेलं नवजात बाळ सापडलं, घरात गेल्या काही वर्षांत भाडेकरू बरेच बदललेले, मग संशय कोणावर घ्यायचा? डॉक्टर बेर्जरे यांनी मांसमाशीचे आणि पतंगाचे अवशेष बघून सांगितलं की बाळ १८४८ मध्येच मेलं असावं, आणि सध्या राहणारं जोडपं सुटलं. त्यांची समजूत होती की माशीची वाढ पूर्ण व्हायला साधारण वर्ष लागतं. ती चूक होती, तरी कीटकाकडे घड्याळासारखं बघणारी पहिल्या काही लोकांतली त्यांची नजर मला फार मोलाची वाटते.

बेर्जरे यांनी ती माशी कार्नारिया जातीची म्हणून नोंदवली. हे नाव सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं, आणि पुढे प्रेतावरच्या करड्या माशीला युरोपात सर्रास हेच नाव लागत गेलं. १८९४ मध्ये फ्रान्सच्या मेन्यॅं यांनी प्रेतावर किडे टप्प्याटप्प्याने येतात असं मांडलं, त्यात मांसमाश्या दुसऱ्या टप्प्यात होत्या. गंमत नाही, गंभीर गोष्ट ही की खऱ्या कार्नारियाच्या अळ्या गांडुळांवर वाढतात! म्हणजे जुन्या नोंदींतल्या कित्येक 'कार्नारिया' दुसऱ्याच कोणीतरी असणार.

असं का झालं, तर या कुळात जगभरात सुमारे ३,००० जाती आणि वरून सगळ्या सारख्याच. अमेरिकेत ऑल्ड्रिच यांनी १९१६ मध्ये दाखवलं की नराचं जननांग बघितल्याशिवाय जात पक्की होत नाही, आपल्याकडे सीनियर-व्हाइट यांनी १९२४ मध्ये आणि पुढे झूलॉजिकल सर्व्हेच्या बी. सी. नंदी यांनी भारतातल्या मांसमाश्यांवरच्या २००२ च्या खंडात तेच केलं. पण अळीत नर कुठून आणायचा?

अळीत काय दिसतं ते मी मायक्रोस्कोपखाली तासन् तास पाहिलंय. मागच्या टोकाला श्वासाची दोन छिद्रं असतात, निळ्या माशीत ती जवळपास सपाट भागावर, आणि मांसमाशीत खोल खड्ड्यात, भोवती मांसल बोंडं. पातळ सडक्या द्रवात बुडाली की तो खड्डा मिटतो आणि हवा आत धरून राहते. छिद्रातल्या फटी मोजल्या की वय कळतं, दोन असल्या की अळीची दुसरी अवस्था, तीन असल्या की तिसरी. इथपर्यंत कुळ कळलं, वय कळलं, जात मात्र नाही.

म्हणून इतकी वर्षं एकच मार्ग होता: अर्ध्या अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवायच्या (थेट अल्कोहोलात टाकल्या की आक्रसतात, काळ्या पडतात) आणि अर्ध्या भुशात जगवून माशी बाहेर पडायची वाट बघायची. २००१ मध्ये वेल्स, पापे आणि स्पर्लिंग यांनी डीएनएवरून मांसमाश्यांच्या जाती वेगळ्या काढल्या, त्यानंतर अळीच्या एका तुकड्यावरूनही नाव सांगणं शक्य झालं, फक्त तुलनेला त्या भागातल्या माश्यांचा डीएनए आधी नोंदलेला हवा. वाढीचे तक्तेही आपलेच हवेत, कारण थंड देशातला तक्ता मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या नागपुरात लावला तर तास जमणारच नाहीत.

माझ्या डब्यातून बारा-तेरा दिवसांनी नऊ माश्या निघाल्या. चार नर होते. टाचणीने शेपटाचं टोक हळूच ओढून जननांग बघितलं, आणि शिंगं (डोक्यावरच्या मिशा) तांबूस, म्हणून रुफिकॉर्निस, म्हणजे तांबड्या शिंगांची, असं जातीचं लेबल लावलं. उरलेल्या पाच माद्यांच्या कुपीवर मी फक्त मांसमाशीच्या प्रजातीचं नाव, 'सार्कोफागा, मादी' एवढंच लिहिलं.