मान उचला, खांदे नाही: गिळण्याचे व्यायाम

कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. तो झटकन वर जातो आणि खाली येतो. त्या सेकंदभरात स्वरयंत्र वर आणि पुढे ओढले जाते, श्वासाची वाट बंद होते आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळलेला स्नायू उघडतो. पक्षाघात, पार्किन्सन किंवा घशाच्या कॅन्सरवरील रेडिएशननंतर ही ओढ कमी पडली, की तो पुरता उघडत नाही. घासाचा काही भाग घशातच राहतो आणि मग श्वासनलिकेत उतरू शकतो.

ही ओढ हनुवटीखालच्या स्नायूंची. त्यांच्यासाठी अमेरिकेतील डॉक्टर रेझा शेकर यांनी 1997 मध्ये मांडलेला व्यायाम आजही वापरात आहे. उशी न घेता पाठीवर सपाट झोपायचे. खांदे जमिनीला टेकलेले ठेवून फक्त डोके उचलायचे आणि पायाची बोटे पाहायची. 60 सेकंद धरायचे, 60 सेकंद विश्रांती. असे 3 वेळा. मग न थांबता 30 वेळा डोके वर-खाली. दिवसातून 3 वेळा, 6 आठवडे.

चुकते ते खांद्यांपाशी. थकवा आला की खांदे नकळत उचलले जातात, भार मानेच्या बाजूच्या आणि पोटाच्या स्नायूंवर जातो आणि हनुवटीखालचे स्नायू तसेच राहतात. हनुवटीच्या मागे मऊ भागावर दोन बोटे ठेवा. तिथे ताण जाणवला पाहिजे. पहिल्या दिवशी 60 सेकंद बहुतेकांना झेपत नाहीत. 10-15 सेकंदांपासून सुरुवात केली तरी चालते, पण श्वास रोखायचा नाही. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल किंवा श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेली असेल, तर हा व्यायाम टाळावा. झोपून जमत नसेल त्यांना बसून करता येतो: सुमारे 12 सेंटिमीटर व्यासाचा हवेचा चेंडू हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये धरून दाबायचा.

गिळतानाच करायचा व्यायाम मेंडेलसनचा. आवंढा गिळताना कंठमणी वर गेला, की त्याला 2-3 सेकंद तिथेच धरायचे आणि मग सोडायचे. सांगायला सोपे, करायला अवघड, कारण आधी ती हालचाल ओळखता यावी लागते.

मासाको व्यायामाबाबत मात्र कडक राहायला हवे. जिभेचे टोक दातांमध्ये हलके धरून आवंढा गिळायचा. जिभेचे मूळ मागे येऊ शकत नाही म्हणून घशाची मागची भिंत जास्त पुढे येते. त्या क्षणी गिळणे मुद्दाम अवघड केलेले असते. म्हणून हा फक्त लाळेवर करायचा. पाणी किंवा अन्न घेऊन कधीही नाही.

कोणता व्यायाम हे तपासणी ठरवते. एक्स-रेखाली गिळणे पाहिले, की दोष जिभेत आहे, घशात की अन्ननलिकेच्या तोंडाशी, ते दिसते. ठसका लागत नाही म्हणून सगळे ठीक असे समजू नये; काहींच्या घशाची संवेदनाच गेलेली असते आणि अन्न आवाज न करता श्वासनलिकेत उतरते. जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येणे, वारंवार ताप येणे, वजन उतरणे, यांपैकी काही दिसले तर गिळण्यावर उपचार करणाऱ्या स्पीच थेरपिस्टला लगेच कळवा. आणि दात, जीभ, कवळी रोज नीट स्वच्छ करा, तोंडाने काही खात नसलात तरीही. लाळ श्वासनलिकेत जातेच, आणि तिच्याबरोबरचे जंतू फुफ्फुसात न्यूमोनिया करतात.